गोळ्यांची यादी आणि माझ्या हिरड्या

गेल्या वर्षी आषाढातल्या एका संध्याकाळी रंकाळ्याच्या काठावर भाजलेले कणीस खाताना दाण्यांवर रक्ताचा डाग उमटलेला दिसला, आणि आपल्या तोंडात काहीतरी बिघडले आहे हे मला मान्य करावे लागले. खरे तर लक्षणे त्याआधीच दिसत होती. ब्रश केल्यावर बेसिनमध्ये गुलाबी पाणी पडत होते, त्याला चार महिने होऊन गेले होते. वरच्या समोरच्या दातांमधले हिरड्यांचे कोंब फुगून हळूहळू दातांवर उतरत होते, हसताना ओठ हिरडीवर अडकत होता, आणि रात्री दोन-तीन वेळा उठून पाणी प्यावे लागत होते. वय साठीला पोचले की असे व्हायचेच, अशी समजूत करून घेऊन मी हे सगळे अंगावर काढत होते.

कोल्हापुरातल्या एका माध्यमिक शाळेत मी २८ वर्षे विज्ञान शिकवले. पचनसंस्थेचा धडा तोंडापासून सुरू होतो, लाळेतल्या विकरामुळे पिष्टमय पदार्थांचे पचन घास चावतानाच सुरू होते, हे मी वर्षानुवर्षे फळ्यावर आकृती काढून सांगितले. तरीही स्वतःच्या प्रकृतीचा विचार करताना मी तोंड वगळूनच विचार करत होते. मला १२ वर्षांपासून मधुमेह आहे आणि त्यासाठी मी मेटफॉर्मिन घेते. दोन वर्षांपूर्वी रक्तदाब वाढला तेव्हा ॲम्लोडिपिन सुरू झाले. सुरुवातीला ५ मिलिग्रॅमची गोळी होती, ती गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीत १० मिलिग्रॅमची झाली. तळपायांची आग होते म्हणून रात्री झोपताना ॲमिट्रिप्टिलिन, आणि कोल्हापूरच्या पावसात शिंका थांबेनात म्हणून जून ते सप्टेंबर सेटिरिझिन. या चार गोळ्या तीन वेगवेगळ्या डॉक्टरांनी दिलेल्या होत्या आणि प्रत्येक गोळी आपापल्या जागी योग्यच होती. मात्र त्या चारही गोळ्या एकत्र कुणीच पाहिल्या नव्हत्या, मी स्वतःसुद्धा नाही.

कणसाच्या प्रसंगानंतर मी ज्या पहिल्या दवाखान्यात गेले, तिथे अर्ध्या तासात दात साफ करून दिले, मऊ ब्रश वापरायला सांगितले आणि चुळा भरण्याचे औषध दिले. केस पेपरवर ‘मधुमेह’ या शब्दापुढे मी खूण केली होती, पण तो कागद फाइलमध्ये गेला आणि त्यावर पुढे काही बोलणे झाले नाही. कोणती औषधे चालू आहेत हे मला विचारले गेले नाही, आणि दाताच्या डॉक्टरांना बीपीच्या गोळीचे नाव सांगायचे असते हे मलाही ठाऊक नव्हते. आठ-दहा दिवस बरे वाटले. सहा आठवड्यांनी, गणपती विसर्जन झाले त्या सुमारास, हिरड्या पुन्हा पहिल्यासारख्या फुगल्या.

त्यानंतर शाळेतल्या एका जुन्या सहकारी बाईंच्या सांगण्यावरून मी राजारामपुरीतल्या एका हिरड्यांच्या तज्ज्ञ डॉक्टरांकडे वेळ घेतली. फोनवरच मला सांगण्यात आले की येताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे आणि रक्ताचे शेवटचे रिपोर्ट घेऊन या. दातांसाठी रक्ताचे रिपोर्ट कशाला, असे मनात आले, तरी मी सगळे एका कापडी पिशवीत भरून नेले.

“काकू, तोंड नंतर बघू. आधी या गोळ्या टेबलावर मांडा,” डॉक्टर म्हणाल्या. त्यांनी एकेक पाकीट हातात घेऊन मागचे नाव वाचले, चार पाकिटांपैकी तीन डावीकडे सरकवली आणि ॲम्लोडिपिनचे पाकीट हातातच ठेवून विचारले, “ही कधीपासून? आणि १० ची कधी झाली?” मी फेब्रुवारी म्हटले. “आणि हिरड्या सुजायला लागल्या त्या?” मी थोडा विचार करून मार्च-एप्रिल म्हटले, आणि ते बोलताबोलताच दोन्ही गोष्टींची जोडणी माझ्या ध्यानात आली.

नंतर त्यांनी समजावून सांगितले ते असे. रक्तवाहिन्या सैल व्हाव्यात म्हणून ॲम्लोडिपिनसारखी औषधे पेशींमध्ये शिरणाऱ्या कॅल्शियमला अटकाव करतात. हाच परिणाम काही जणांच्या हिरड्यांमधल्या पेशींवरही होतो. हिरडीमध्ये कोलॅजेनचे तंतू सतत तयार होतात आणि जुने तंतू मोडून टाकले जातात. हे मोडण्याचे काम मंदावले की तंतू साठत जातात आणि हिरडी वाढत जाते. बहुधा दोन दातांमधल्या कोंबापासून सुरुवात होते आणि औषध सुरू केल्यावर किंवा त्याचे प्रमाण वाढवल्यावर एक ते तीन महिन्यांत फरक दिसू लागतो. ही गोळी घेणाऱ्या प्रत्येकाला असे होत नाही, फार थोड्यांना होते. मात्र दातांवर किटण साठलेले असेल तर त्याची शक्यता आणि तीव्रता दोन्ही वाढतात. याच गटातल्या निफेडिपिनमुळे, फिट्स येऊ नयेत म्हणून दिल्या जाणाऱ्या फेनिटॉइनमुळे, आणि मूत्रपिंड बदललेल्या रुग्णांना दिल्या जाणाऱ्या सायक्लोस्पोरिनमुळेही हिरड्या अशाच वाढतात. फेनिटॉइनचा हा परिणाम तर १९३९ सालीच नोंदवला गेला होता. माझ्या वर्गात फिट्सच्या गोळ्या घेणारा एक मुलगा होता. हिरड्या दिसू नयेत म्हणून तो तोंडावर हात धरून बोलायचा, आणि त्याला ब्रश नीट करत नाहीस म्हणून मी चारचौघांत बोलले होते. डॉक्टरांच्या खुर्चीत बसल्या बसल्या मला त्याची आठवण झाली, आणि त्या बोलण्याची खंत अजूनही वाटते.

त्यानंतर तपासणी झाली. एक बारीक, खुणा केलेली सळई प्रत्येक दाताच्या सहा बाजूंना हिरडीत अलगद घालून डॉक्टर आकडे सांगत होत्या आणि त्यांची मदतनीस मुलगी ते लिहून घेत होती: तीन, दोन, पाच, सहा, सात. निरोगी हिरडी आणि दात यांच्यामधली फट १ ते ३ मिलिमीटर खोल असते. माझ्या मागच्या दाढांजवळ ती ६ आणि ७ मिलिमीटर निघाली. एक्स-रेमध्ये दाढांच्या मुळांभोवतीचे हाड खाली गेलेले स्पष्ट दिसत होते. म्हणजे दुखणी दोन होती. समोरची वाढलेली हिरडी गोळीमुळे होती, तर मागचे हाड झिजले होते ते अनेक वर्षांच्या हिरड्यांच्या रोगामुळे, आणि त्याला मधुमेहाचे खतपाणी मिळाले होते.

माझ्या रिपोर्टमध्ये तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीए१सी, ९.१ होती. साखर सतत वाढलेली राहिली की बारीक रक्तवाहिन्या बिघडतात, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींची ताकद कमी पडते, जखमा भरायला वेळ लागतो, आणि हिरडीच्या फटीत साठलेल्या जंतूंना मोकळे रान मिळते. एवढे मला ठाऊक होते. ठाऊक नव्हती ती याची उलटी बाजू. हिरड्यांमधला हा दाह रक्तावाटे सगळ्या शरीरात पोचतो आणि इन्सुलिनला दाद न देण्याची शरीराची प्रवृत्ती वाढवतो, त्यामुळे साखर आटोक्यात ठेवणे आणखी कठीण होते. हॅराल्ड लो या दंततज्ज्ञांनी १९९३ साली हिरड्यांच्या या रोगाला मधुमेहाची सहावी गुंतागुंत म्हटले होते. डोळे, मूत्रपिंड, नसा यांच्या पंक्तीत हिरड्या बसवल्या गेल्या त्याला आता तीस वर्षे उलटून गेली आहेत. मी दरवर्षी डोळ्यांचा पडदा तपासून घेते, लघवीतली प्रथिने तपासते, पायांच्या तळव्यांना टोचणी लावून संवेदना पाहून घेते. बारा वर्षांत हिरड्या तपासून घ्या असे मात्र मला एकदाही सांगितले गेले नाही. प्रत्येक मधुमेही माणसाच्या वार्षिक तपासण्यांत हिरड्यांची तपासणी असायला हवी, असे माझे आता ठाम मत झाले आहे.

इथे माझ्या हातून एक चूक झाली, ती सांगणे मला आवश्यक वाटते. डॉक्टरांनी मला बजावले होते की गोळी स्वतःहून बंद करायची नाही, त्या माझ्या फिजिशियनना पत्र लिहून देतील, आणि गोळी बदलायची की नाही हे फिजिशियनच ठरवतील. पत्र माझ्या पर्समध्ये होते. फिजिशियनची वेळ पाच दिवसांनी मिळाली होती. तेवढे दिवस हिरड्यांना त्रास देणारी गोळी घेण्याचे मन होईना म्हणून मी ती बंद ठेवली. चौथ्या दिवशी डोके जड झाले, जिना चढताना छातीत धडधडू लागले, म्हणून शेजारच्यांच्या यंत्रावर रक्तदाब पाहिला तर १७८/१०४. त्याच संध्याकाळी मला फिजिशियनकडे नेण्यात आले. ते रागावले नाहीत, पण त्यांनी जे सांगितले ते मनावर कोरले गेले: हिरडी वाढली तर कापून नीट करता येते, मेंदूत रक्तस्राव झाला तर तो पुसून टाकता येत नाही. पत्र वाचून त्यांनी ॲम्लोडिपिनच्या जागी टेल्मिसार्टन सुरू केले, दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ रक्तदाबाची नोंद ठेवायला सांगितली, आणि दाताच्या डॉक्टरांसाठी उलट चिठ्ठी लिहून दिली. माझ्या प्रकृतीबद्दल दोन डॉक्टरांचा पत्रव्यवहार झाला, तो हा पहिलाच.

ऑक्टोबरमध्ये हिरड्यांच्या खालून सफाई झाली. तोंडाचे चार भाग करून चार वेळा बोलावले. प्रत्येक वेळ सकाळची होती, आणि नाश्ता करून, मधुमेहाची गोळी घेऊनच यायचे अशी सूचना होती. दाताकडे जायचे म्हणून उपाशीपोटी गोळी घेऊन गेले, आणि खुर्चीत बसल्यावर साखर एकदम खाली आली, असे अनेक मधुमेही रुग्णांचे होते, म्हणून ही काळजी. खुर्चीत बसल्यावर आधी रक्तदाब पाहिला जाई, नंतर बधिर करण्याचे इंजेक्शन. पुढचा पाऊण तास दुखत काही नव्हते, पण मुळावरून हत्यार खरवडत जाण्याचा आवाज कवटीत घुमत होता, आणि तोंडात एक शिळा, कुजकट वास पसरत होता. तो वास माझ्याच हिरड्यांखालचा होता, हे समजल्यावर मला फार वाईट वाटले. डॉक्टरांनी कापसाच्या तुकड्यावर निघालेले किटण दाखवले. बाजरीच्या कण्यांएवढे, काळपट तपकिरी, दगडासारखे कडक खडे होते ते. वरवरच्या सफाईत हे निघत नाही, कारण ते हिरडीच्या आड असते. पहिल्या दिवशी संध्याकाळी ठणका लागला, मिठाच्या कोमट पाण्याच्या चुळांनी तो बसला. पुढच्या तीन खेपांना तेवढाही त्रास झाला नाही. शेवटच्या दिवशी दातांच्या फटींतून फिरवायचे छोटे ब्रश दिले, आणि आरशासमोर उभे करून ते माझ्याच हाताने सगळीकडे फिरवून घेतले.

तोंड कोरडे पडण्याचा प्रश्न या सगळ्याच्या बरोबरीने चालू होता. वाचकांनी याकडे विशेष लक्ष द्यावे असे मला वाटते, कारण यात दुखत काहीच नाही आणि नुकसान मात्र मोठे होते. माझी जीभ टाळूला चिकटत होती. भाकरीचा घास रश्शात बुडवल्याशिवाय गिळत नव्हता, आणि जो तांबडा रस्सा मी जन्मभर खात आले तो जिभेला निखाऱ्यासारखा लागत होता. निरोगी माणसाच्या तोंडात दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. ती केवळ घास ओला करत नाही. खाल्ल्यानंतर जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात, ते आम्ल लाळेतले बायकार्बोनेट उदासीन करते, आणि लाळेतले कॅल्शियम व फॉस्फेट दाताच्या पृष्ठभागाची झीज भरून काढतात. सामू (पीएच) जितका कमी तितके आम्ल तीव्र; तो ५.५ च्या खाली गेला की दातावरचे कठीण आवरण, म्हणजे इनॅमल, विरघळू लागते. हिरडी खाली सरकून उघडी पडलेली मुळे तर त्याहून सौम्य आम्लातच, सामू ६ च्या वर असतानाच, विरघळायला लागतात. लिटमस कागद आणि लिंबाचा रस घेऊन आम्ल-आम्लारी शिकवणाऱ्या मला हे हिशेब लगेच समजले.

तोंड कोरडे पाडणारी औषधे शेकडो आहेत. माझ्या पिशवीत त्यांतली दोन होती: ॲमिट्रिप्टिलिन आणि सेटिरिझिन. दोन्ही औषधे लाळग्रंथींना मिळणाऱ्या मज्जातंतूंच्या संदेशात अडथळा आणतात, आणि वाढलेली साखर शरीरातले पाणी लघवीवाटे काढत राहते ती वेगळीच. त्यावर मी केलेला उपाय असा होता की घसा ओला राहावा म्हणून दिवसभर घशाच्या गोळ्या चघळायच्या. औषधाच्या दुकानात मिळतात म्हणजे त्या औषधच, असे मी धरून चालले होते. त्यांत साखर असते हे पाकिटावर बारीक अक्षरात लिहिलेले होते. लाळ नसलेल्या तोंडात, उघड्या मुळांवर, दिवसातून सात-आठ वेळा मी स्वतः साखर विरघळवत होते. तीन दातांना हिरडीलगत, अगदी मुळाशी कीड लागलेली सापडली. चौथी एक दाढ इतकी किडली होती की ती काढावी लागली.

यावर झाले ते असे. फिजिशियनना विचारून ॲमिट्रिप्टिलिन २५ वरून १० मिलिग्रॅमवर आणले. सेटिरिझिन रोज न घेता फार शिंका असतील तेव्हाच घ्यायचे ठरले. घशाच्या गोळ्या बंद झाल्या, त्यांच्या जागी साखर नसलेले च्युइंगम आणि घोट घोट पाणी आले. किडलेल्या तीन जागा भरल्या, मुळांना फ्लोराइडचा लेप दिला, आणि रात्री झोपण्यापूर्वी वापरायला डॉक्टरांनी जास्त फ्लोराइडची पेस्ट लिहून दिली. ती लावल्यानंतर फक्त थुंकायचे, पाण्याने खळखळून चूळ भरायची नाही. ही सवय लागायला मला महिनाभर गेला, कारण लहानपणापासून दात घासून झाले की तीन चुळा भरण्याचे वळण होते.

जिभेच्या आगीचे कारण आणखी वेगळे निघाले. गालाच्या आतल्या बाजूला दह्याच्या कवडीसारखे पांढरे थर होते, ते बुरशीचे होते. मधुमेह आणि कोरडे तोंड असले की ही बुरशी वाढते. दम्याचा स्टेरॉइडचा पंप ओढल्यावर चूळ न भरणाऱ्यांच्या तोंडातही ती आढळते. तोंडात लावायच्या औषधाने ती दोन आठवड्यांत गेली, पण जीभ गुळगुळीत आणि लालभडकच राहिली. तेव्हा डॉक्टरांनी बी-१२ तपासायला सांगितले. मेटफॉर्मिन बरीच वर्षे घेतल्यावर आतड्यातून बी-१२ शोषले जाण्याचे प्रमाण घटते, आणि त्याची पहिली खूण काही जणांच्या जिभेवर दिसते. माझे बी-१२ खूपच कमी निघाले. इंजेक्शने सुरू झाली, जिभेवर पुन्हा बारीक खरखर आली, आणि दिवाळीच्या फराळातला चिवडा मी बऱ्याच महिन्यांनी आग न होता खाल्ला. तळपायांच्या आगीत बी-१२ च्या कमतरतेचाही वाटा असू शकतो, हे फिजिशियननी त्याच वेळी सांगितले. म्हणजे ज्या त्रासासाठी मी लाळ आटवणारी गोळी घेत होते, त्या त्रासाच्या एका कारणाचा माग जिभेवरून लागला.

जानेवारीत पुन्हा आकडे घेतले. ६-७ च्या जागा ४ पर्यंत आल्या होत्या, दोनच ठिकाणी ५ होते. समोरची हिरडी गोळी बदलल्यापासून हळूहळू ओसरली होती. वरच्या दोन दातांमध्ये कडक झालेला भाग उरला होता, तेवढा कापून आकार नीट करून घेतला. साखर ९.१ वरून ७.६ झाली होती. हे श्रेय सगळे हिरड्यांना देणे बरोबर होणार नाही, कारण त्याच काळात मी रोज सकाळी रंकाळ्याला फेरी मारायला लागले होते आणि रात्रीचा भात सोडला होता. हिरड्यांच्या उपचाराने एचबीए१सी साधारण ०.३ ते ०.५ ने उतरतो, असे डॉक्टरांनी सांगितले होते. एवढे उतरणेही मधुमेही माणसाला कमी नाही, हे ज्याने एकेका दशांशासाठी झगडून पाहिले आहे त्याला समजेल.

या काळात माझे पतीही त्याच दवाखान्यात आले. त्यांच्या हृदयात आठ महिन्यांपूर्वी स्टेंट बसवला आहे, आणि ते ॲस्पिरिन व क्लोपिडोग्रेल या रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या घेतात. त्यांची एक दाढ काढायची होती. “आधी पाच दिवस गोळ्या बंद करा, म्हणजे रक्त थांबेल,” असे एका परिचितांनी सांगितल्यामुळे त्यांनी तशी तयारीही केली होती. हृदयरोगतज्ज्ञांनी ते ऐकताच साफ मनाई केली. स्टेंट बसवल्यानंतरच्या पहिल्या वर्षात या गोळ्या मध्येच थांबल्या तर स्टेंटमध्ये रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो, आणि तो जिवावरचा असतो. दाढेतून येणारे रक्त जागच्या जागी थांबवता येते. तसेच झाले. दोन्ही गोळ्या चालू ठेवून दाढ काढली, टाके घातले, रक्त थांबवणाऱ्या औषधात भिजवलेला बोळा अर्धा तास दाबून धरला, आणि रक्त थांबल्याची खात्री झाल्यावरच घरी सोडले.

आईची गोष्ट फेब्रुवारीतली. ती ८३ वर्षांची आहे, मंगळवार पेठेतल्या जुन्या घरात धाकट्या भावाकडे राहते. न्हाणीघरात घसरून तिचे मनगट मोडले, तपासणीत पाठीचा एक मणकाही चेपलेला आढळला, आणि हाडे ठिसूळ झाली आहेत म्हणून वर्षातून एकदा शिरेतून द्यायचे झोलेड्रॉनिक आम्लाचे इंजेक्शन ठरले. सहा महिन्यांपूर्वी हे ऐकले असते तर मी मान डोलावून घरी आले असते. पण राजारामपुरीतल्या दवाखान्यात एका सूचनापत्रावर मी वाचले होते की हाडांच्या या औषधांपूर्वी दात तपासून घ्यावेत. हाडाची झीज थांबवणारी ही औषधे हाडात बराच काळ टिकून राहतात. त्यानंतर दात काढावा लागला तर काही थोड्या रुग्णांमध्ये जबड्याचे हाड भरून येत नाही, आठ-आठ आठवड्यांहून अधिक काळ उघडे राहते. २००३ साली रॉबर्ट मार्क्स या शल्यविशारदांनी अशा रुग्णांची नोंद प्रथम केली. कर्करोगासाठी हीच औषधे मोठ्या प्रमाणात घेणाऱ्यांना हा धोका अधिक असतो, हाडांच्या ठिसूळपणासाठी घेणाऱ्यांना बराच कमी. मोडलेल्या खुब्याच्या धोक्यापुढे तो लहानच, त्यामुळे इंजेक्शन टाळायचे नव्हते, फक्त क्रम नीट लावायचा होता.

मी हाडांच्या डॉक्टरांना विचारले. ते म्हणाले, “बरे झाले विचारलेत. आधी दात दाखवून घ्या, महिना-दीड महिना थांबलो तरी चालेल.”

आईला हे पटवणे अवघड गेले. “दातांचं आणि मनगटाचं काय नातं असतंय गं? तीन तर दात ऱ्हायलेत. मी कुठं यायचो आता त्या खुर्चीत बसायला?” असे म्हणून तिने कूस बदलली. मुळात तिचे दात आयुष्यभराच्या मिश्रीने गेले आहेत. तंबाखू भाजून केलेली ती काळी पूड आमच्याकडच्या तिच्या पिढीतल्या असंख्य बायका सकाळ-संध्याकाळ हिरड्यांवर घासत आल्या. त्याने दात ‘घट्ट’ होतात असे मानले जाई. प्रत्यक्षात हिरड्या मुळांवरून खाली जातात, आणि गालात पांढरे चट्टे उठून पुढे कर्करोगाचीही भीती असते. मी तिच्याशी वाद घातला नाही. माझ्या दाढेचा एक्स-रे तिच्यासमोर धरला आणि हाड कुठवर होते, कुठवर खाली गेले, ते बोटाने दाखवले. तिने तो बराच वेळ उजेडाकडे धरून पाहिला.

तिच्या तोंडात तीन दातांखेरीज हिरडीत गाडलेली दोन किडकी मुळे निघाली. त्यांतल्या एकाच्या टोकाशी पू होता. इंजेक्शननंतर ते उसळले असते तर काय झाले असते, हा विचार मी अजून पुरता मनातून काढू शकलेले नाही. दोन्ही मुळे काढली, गालाची आतली बाजू तपासली, सुदैवाने चट्टे साधे निघाले. सहा आठवड्यांनी जखमा पूर्ण भरल्याचे डॉक्टरांनी लिहून दिले. मिश्री पूर्ण सुटलेली नाही, ती दिवसातून एकदावर आली आहे. भावाची बायको डबी स्वतःजवळ ठेवते आणि आई रोज तिच्याशी त्यावरून भांडते.

त्या सहा आठवड्यांत मी घरातल्या प्रत्येकासाठी एकेक कागद तयार केला. त्यावर सध्याची औषधे, त्यांचे प्रमाण, कधी सुरू झाली, कोणत्या आजारासाठी, आणि शेवटी दात व हिरड्यांविषयी दोन ओळी. आईच्या कागदावर अक्षरे मोठी काढली.

एप्रिलमध्ये इंजेक्शनच्या दिवशी खाटेवर आडवे केल्यावर परिचारिकेने नेहमीप्रमाणे विचारले, “आजी, दुसरी काही औषधं चालू आहेत का?” मी उत्तर देण्यासाठी पुढे झाले, तोवर आईने कनवटीची चंची सोडली, सुपारीच्या खांडांखालून घडी घातलेला कागद काढला आणि तिच्या हातात ठेवला. “ह्यात सगळं हाय,” ती म्हणाली, “दातांचं पण लिवलंय, ते आधी वाच.”